मामाकडून भाचीस

ज्येष्ठातल्या एका दुपारी थोरलीचा मोबाइल वाजला. ती जाऊन चार महिने झाले होते, पण भाऊजी तो रोज रात्री चार्जिंगला लावायचे आणि घरातलं कुणी त्यांना काही म्हणत नव्हतं. मी भांडी घासत होते. पदराला हात पुसून फोन उचलला.

"रामकृष्णहरी माऊली. यंदाची भिशी राहिलीय तुमची. कधी देताय?"

भिशी म्हणजे दिंडीतल्या जेवणाखाणाची वर्गणी. दिंडीतल्यांना कुणी कळवलंच नव्हतं. कळवणार तरी कोण? तिथल्या एकाचंही नाव आम्हाला ठाऊक नव्हतं. मला फक्त ‘त्या गेल्या’ एवढंच सांगायचं होतं. पण तोंडातून निघालं, "देते. लोणंदला गाठते."

फोन ठेवला आणि राख लागलेल्या हातांनी तशीच बसून राहिले. आता जाणं भाग होतं.

थोरली म्हणजे माझी मोठी जाऊ. पण त्याच्या कितीतरी आधी ती माझी मैत्रीण. खटाव तालुक्यात एकाच आळीत आमची घरं. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या आया खडी फोडायला जायच्या आणि आम्ही दोघी एका वाटीत सुकडी खायचो. मला त्यातलं फारसं आठवत नाही, तिला सगळं आठवायचं. पुढं तिचं लग्न सातारा तालुक्यात झालं. दोन वर्षांनी धाकट्या दिरासाठी मुलगी बघायची निघाली, तेव्हा हिनं सासूबाईंना माझं नाव सुचवलं. मैत्रीण सोबत हवी म्हणून, की ओढ्यावरची धुणी वाटून घ्यायला, हे मी तिला पुष्कळदा विचारलं. दर वेळी वेगळं उत्तर मिळालं.

घरात सासूबाईंसमोर तिला ‘जाऊबाई, घेता का’ असं म्हणावं लागे. ती मला ‘धाकटे’ म्हणायची. ओढ्यावर गेलो की पुन्हा अगं-तुगं. पहिली काही वर्षं हे सोंग छान चाललं. मग सवय उलटी लागली. एकदा ओढ्यावर कुणी नसतानाही माझ्या तोंडून ‘जाऊबाई’ निघालं. तिनं माझ्याकडं पाहिलं, पिळा झटकला आणि पुढचं लुगडं घेतलं. ‘अगं’ पुन्हा कधी म्हटलं का, आठवत नाही.

तेवीस वाऱ्या केल्या तिनं. आमच्या भागात वारीची ऐट वेगळीच. ज्यांनी १८३२मध्ये माऊलींच्या पालखीला आजची शिस्त लावली ते हैबतबाबा शेजारच्या आरफळचे. अंगणवाडीतल्या पोरांना मी हे दर आषाढात सांगत आले, पाऊलभरही न चालता. घरात म्हशी, सासूबाई आणि जूनमध्ये न मिळणारी रजा. एकीनं वारी करायची, एकीनं घर सांभाळायचं, असं कुणी ठरवलं नाही, होत गेलं. परत आली की चुरमुरे-बत्तासे आणि बुक्क्याची पुडी हातावर ठेवून म्हणायची, "फुडच्या वर्षी तू." मी म्हणायचे, "बघू." खरं सांगायचं तर मला जायचंच नव्हतं. पण जी जाते तिच्याबद्दल थोडा राग मनात ठेवायला बरं वाटायचं.

२०२० आणि २०२१ला पायी वारी झाली नाही, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. त्या दोन आषाढांत ती घरी होती. रोज पहाटे टाळ घेऊन पाटाच्या कडेनं चालून यायची. विचारलं तर, "आज जेजुरी." दुसऱ्या दिवशी, "वाल्हं." मी तिला म्हशीची धार काढून चहा द्यायचे. पालखी घरातून गेल्यासारखे ते दिवस. त्या दोन वर्षांत आम्ही एकमेकींशी जेवढं बोललो तेवढं आधीच्या वीस वर्षांत बोललो नसू.

माघात ती गेली. आजार तीन महिन्यांचा. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

फोन आल्यावर मी तिची वारीची पिशवी खुंटीवरून काढली. इतके दिवस तिला कुणी हात लावला नव्हता. आत अंगावर घ्यायचा प्लॅस्टिकचा कागद, टाळ, सुईदोऱ्याची डबी, गोपीचंदन, आणि लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेला एक तांब्या. स्टीलचा, बुडाशी पोचा आलेला. गळ्याखाली ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं: ‘मामाकडून भाचीस, १९८८’.

माझ्या रुखवतातला तांब्या. दहा-अकरा वर्षांपूर्वी हरवलेला.

मी खालीच बसले. हा तांब्या हरवला तेव्हा सासूबाई तीन दिवस बोलत होत्या की हिला माहेरचं भांडंसुद्धा सांभाळता येत नाही. ऊसतोडीचे दिवस होते. बीडकडच्या टोळीतली एक बाई कळशी घेऊन आमच्या दारी पाण्याला यायची. मी सरळ तिच्या कोपीवर गेले आणि भांडी दाखव म्हणाले. तिनं दाखवली. दोन पातेली, एक तवा, एक जर्मनचा डबा. बाई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती दुसऱ्या वस्तीवर पाण्याला जायला लागली. मी घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा थोरली चुलीपुढं होती. भाकरी थापायचा तिचा हात थांबला नव्हता. हे मला लख्ख आठवतं, कारण तांब्या कुणी नेला असेल असं मी तिलाच विचारत होते.

मेलेल्या माणसावर रागवायचं कसं, हे कुणी शिकवत नाही. मी तांब्या घासला, पिशवीत परत ठेवला. सासूबाईंनी खाटेवरून पाहिलं. त्या काही बोलल्या नाहीत.

नीरा नदीत माऊलींच्या पादुकांना स्नान घालून पालखी आपल्या सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंदला मुक्कामी थांबते. एरवी कांद्याच्या गाड्यांनी भरलेलं ते गाव त्या दिवशी नुसतं माणसांचं. आमची दिंडी रथामागची. रथापुढच्या २७ दिंड्या मानाच्या, त्या लगेच सापडतात. मागच्या दिंडीची राहुटी शोधायला मला तीन तास लागले. सापडली तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत चिखलात.

तहान लागली होती. पिशवीतून तांब्या काढून टँकरजवळ गेले, तोच मागून आवाज आला, "आगं, भाची आली!"

म्हसवडकडची एक म्हातारी. तिनं तांब्या ओळखला होता, मला नाही. बघता बघता सात-आठ बायका गोळा झाल्या. त्या लेखामुळं या तांब्याचं नाव दिंडीत ‘भाची’ पडलेलं. "भाचीला घासून आण", "भाचीत पाणी हाय का बघ", असं रोजचं बोलणं. आणि भाचीवाली म्हणून थोरली झाली ‘मामी’. एका वर्षी हा तांब्या वाटेत राहिला, तर समाजआरतीला हरवल्या-सापडल्याच्या यादीत पुकारला गेला आणि तेव्हापासून सगळ्या तळाला माहीत. त्या हसत होत्या. इतकी वर्षं घरात जिला मोठ्यानं हसताना मी मोजून पाहिलं, तिच्या गोष्टी सांगत होत्या: मामी फुगडीत कुणाला हार जायची नाही, मामी विणेकऱ्याची नक्कल करायची. मग म्हातारी माझ्या खांद्यावरून मागं बघत म्हणाली, "आन् मामी कुठं ऱ्हायली?"

मी सांगितलं. फोनवर जे जमलं नव्हतं ते तीन शब्दांत सांगितलं.

कुणी रडलं नाही लगेच. म्हातारीनं माझ्या हातातला तांब्या घेतला, टँकरची तोटी सोडली, भरला आणि मला दिला. "पी." मी पाणी पीत असताना विचारलं, "तू कोण तिची? मैतरीण व्हय?"

मी जाऊ म्हणणार होते.

"ती म्हनायची, ह्यो माझ्या मैतरणीच्या मामानं दिलाय."

दुसऱ्या दिवशी चांदोबाच्या लिंबाजवळ पहिलं उभं रिंगण. रस्त्याच्या दोन्ही कडांना वारकरी, मध्ये मोकळी वाट, आणि दोन घोडे. एकावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसऱ्यावर कुणीच नाही. त्या रिकाम्या पाठीवर माऊली असतात म्हणतात. मला पुढचं दिसत नव्हतं. टाळांचा आवाज चढत गेला, डोक्यांवरून एक लाट आली, कानाशी टापा वाजल्या आणि सगळं निघूनही गेलं. बायका वाकून टापांखालची माती कपाळाला लावू लागल्या. मीही वाकले. घोडा पाहिला असं म्हणता येणार नाही, मातीच पाहिली.

संध्याकाळी तरडगावच्या तळावर समाजआरती. सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, टाळ-मृदंग टिपेला जातात, आणि चोपदार चांदीचा दंड उंच करून ‘होऽऽ’ करतात. त्या एका आवाजावर एवढा मोठा समाज गप्प होतो. पाखरू फडफडलेलं ऐकू येतं. फक्त ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिकडं जातात, काय झालं विचारतात, निवाडा होतो.

मी मागं उभी होते, हातात थोरलीचे टाळ. गप्प झालं सगळं आणि माझ्या हातातून ‘किण्ण’ झालं. मुद्दाम नव्हे. हात कापला असेल. पुन्हा एकदा झालं. पुढच्या दोन-चार जणांनी वळून पाहिलं. म्हातारीनं आपला हात माझ्या टाळांवर गच्च दाबला आणि समोर बघत उभी राहिली. पुढं हरवल्या-सापडल्याची यादी सुरू झाली. एक चश्मा, एक पितळी डबा, कुणाची तरी सासू.

तरडगाव ते फलटण वीसेक किलोमीटर. काळज ओलांडेपर्यंत माझ्या टाचेला बेदाण्याएवढा फोड आला होता, निंभोऱ्यात तो जर्दाळूएवढा झाला. म्हातारीनं मला वडाखाली बसवलं, थोरलीच्याच डबीतून सुई काढली, दोरा ओवला आणि फोडाच्या एका कडेनं घालून दुसऱ्या कडेनं काढला. सुई तोडून घेतली, दोरा आतच ठेवला. दोऱ्यावरून पाणी थेंबाथेंबानं निथळायला लागलं. "वढू नगंस. आपोआप पडंल." दुखलं नाही, नुसतं गार वाटलं. ही डबी कशासाठी, हे मला तोवर कळलं नव्हतं. मी समजत होते, फाटलं-तुटलं शिवायला.

दोरा निथळत होता तेवढ्यात मी तिला ऊसतोडीच्या बाईचं सांगितलं. कोपी, दोन पातेली, जर्मनचा डबा, सगळं. आणि थोरली गप्प राहिली तेही. म्हातारी मिश्री लावत ऐकत होती. थुंकून आली, म्हणाली, "बीडाकडची म्हनतीस? मग हितंच आसंल की कुटंतरी. ऊठ, चाल."

बस, एवढंच. मामीची बाजू नाही घेतली, माझीही नाही. पुढं फलटणपर्यंत मी डोक्यावर तुळस घेतलेल्या प्रत्येक बाईचं तोंड बघत गेले. बीड, परभणी, हिंगोली, सगळीकडच्या बायका चालत होत्या. दहा-अकरा वर्षांनी ती मला ओळखू आली असती का, शंकाच आहे. तिनं मला नक्की ओळखलं असतं.

फलटणला विमानतळाच्या मैदानावर तळ. पाऊस असा लागला की राहुटीत पाणी शिरलं आणि आम्ही बायका रात्रभर ट्रकच्या फाळक्याला टेकून बसून राहिलो. विडणी, पिंप्रद करत बरडला पोचलो तेव्हा टाचेतला दोरा खरंच पडलेला होता.

बरडहून पुढं गेलं की धर्मपुरीला सोलापूर जिल्हा लागतो. माझी रजा तिथंच संपत होती. लेक सासूबाईंजवळ राहायला आली होती, तिलाही परत जायचं होतं. पहाटे सगळ्यांच्या पाया पडले. भिशीचे पैसे पूर्ण दिले, पंढरपूरपर्यंतचे. विणेकरी म्हणाले, "अर्धेच द्या माऊली." मी म्हटलं, पावती त्यांच्या नावानं करा. केली.

पिशवी भरताना तांब्या हातात आला. दोनदा आत ठेवला, दोनदा काढला. मग म्हातारीकडं दिला. तिनं काही विचारलं नाही, आपल्या बोचक्याला सुतळीनं बांधला. दिंडी निघाली तसा तो तिच्या पाठीवर टाळांच्या तालाशी न जुळणारा आवाज करत गेला. मी एसटी स्टँडकडं वळले तरी बराच वेळ ऐकू येत होता, किंवा मला तसं वाटत होतं.

घरी पोचायला दिवेलागण झाली. सासूबाई दारातल्या खाटेवर होत्या. त्यांनी आधी माझ्या पायांकडं पाहिलं, मग पिशवीकडं. पिशवी खुंटीला लावली तर ती भिंतीला चपटी बसली.

"तांब्या कुठाय?"

मी बुक्का काढत होते.

"परत हरीवलास?"

"न्हाई आत्याबाई. थोरलीनं नेलाय."

सासूबाई जरा वेळ गप्प राहिल्या. कुशीवर वळत म्हणाल्या, "मग आषाढीनंतरच यायचा. च्या ठेव."