बोलत नाहीत, नुसते उभे असतात

आमच्या सासूबाईंना गॅलरीच्या कठड्यावर वीतभर उंचीची माणसं दिसतात. लाल फेटे, पांढरे अंगरखे. भिंग घेऊनही पेपरातलं मथळ्याखालचं काही वाचता येत नाही, पण फेट्याच्या शेमल्याची जर लखलखीत! "कुणी बोलत मात्र नाही गं. पुण्यातले नसावेत," असं त्यांचं मत.

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. का, तर "येरवड्याला नेऊन सोडाल." डोळ्यांच्या डॉक्टरांनी आपणहून विचारलं, "आजी, नसलेलं काही दिसतं का?" तेव्हा कुठे बोलल्या.

त्यांच्या दृष्टिपटलाचा मधला भाग झिजलाय. डोळ्यांकडून चित्रं येईनाशी झाली की मेंदूचा पाहण्याचा भाग गप्प बसत नाही, स्वतःच चित्रं तयार करतो. शार्ल बोने या स्विस अभ्यासकाने 1760 मध्ये आपल्या आजोबांचे असे अनुभव लिहून ठेवले, म्हणून या प्रकाराला त्याचं नाव. काचबिंदू, मधुमेहाने खराब झालेला पडदा, यातही होतं. आवाज नसतो, आणि हे खरं नाही हे माणसाला कळत असतं, निदान समजावल्यावर तरी.

आमच्या काकांचं अगदी उलट. ऑपरेशननंतर रात्री चादरीवर मुंग्याच मुंग्या, मुलीला ओळखेनात, सकाळी एकदम शहाणे, संध्याकाळी पुन्हा तेच. रक्तातलं सोडियम उतरलं होतं. म्हाताऱ्या माणसाला लघवीच्या जंतुसंसर्गानेही असंच होतं, रोजची दारू एकदम बंद केल्यावरही, कधी पार्किन्सनच्या गोळ्यांनी. असं अचानक झालं तर त्याच दिवशी दवाखाना. शेजारच्या काकूंनी दृष्ट काढायला सांगितली. मीठमोहऱ्यांना माझी ना नाही, पण आधी रक्त-लघवी तपासा.

आणि आवाज ऐकू येत असतील, कुणी हुकूम सोडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायला लाजू नका. जळका वास येऊन क्षणभर भान हरपत असेल तर तीही फिट असू शकते.

सासूबाईंच्या त्रासावर हमखास लागू पडेल अशी गोळी नाही. खोलीत उजेड वाढवायचा, आणि माणसं दिसू लागली की मान स्थिर ठेवून नजर डावीकडून उजवीकडे झरझर फिरवायची. आईंची मान फिरते, डोळे तिथेच!