एकसष्टावी मुलगी

मी केंद्रप्रमुख आहे, म्हणजे आसपासच्या काही शाळांच्या गटावर देखरेख करते. माझ्या केंद्रातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या पटावर 2022-23 मध्ये 61 मुलं होती, पण शाळेची नोंद आणि आधार जुळलेली फक्त 58. संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे हे ठरवताना, आधार जुळलेलीच मुलं धरणार होते. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 झाली की तिसरा. तिघांची नोंद जुळेना म्हणून पाच वर्ग दोघांवर येणार आणि तिसरे गुरुजी अतिरिक्त ठरणार. अशा मुलांची समक्ष पडताळणी करा, असा निरोप तालुक्यावरून आला आणि मी सकाळीच शाळेवर पोहोचले.

गुरुजींनी जनरल रजिस्टर, म्हणजे प्रवेशाची नोंदवही, काढूनच ठेवलं होतं. एका मुलाचं रजिस्टरला पाळण्यातलं नाव, आधारवर घरात हाक मारतात ते. दुसऱ्याची आधारवर जन्मतारीख 1 जानेवारी; जन्माचा दाखला हाताशी नसला की बहुतेकांच्या नशिबी येते तीच. रजिस्टर दुरुस्त करायचं तर प्रस्ताव वर पाठवून मंजुरी आणायची, आधार दुरुस्त करायचं तर दाखला शोधायचा, आणि आईवडील ऊसतोडीला गेलेले. दोघंही वर्गात बसली होती. त्यांच्याकडून पाढे म्हणून घेतले, सह्या घेतल्या.

तिसरी, चौथीतली मुलगी, गैरहजर.

तिची वाट बघत मी कोठीजवळ बसले होते. समोर तांदळाची पोती होती. तांदूळ केंद्र सरकारचा, शिजवायचा खर्च केंद्र आणि राज्य 60:40 उचलतात. मुलांच्या हातातली पुस्तकं बालभारतीची. गुरुजींची नेमणूक जिल्हा परिषदेची, पगार राज्याच्या तिजोरीतून शालार्थ या ऑनलाइन वेतनप्रणालीमार्गे, पद मंजूर होणार पुण्याच्या संचालनालयातून. 1976 च्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत गेलं, तेव्हापासून केंद्र आणि राज्य दोघांचाही यात हात आहे. या सगळ्या साखळीत रोज सकाळी मुलगी आली की नाही हे डोळ्यांनी बघणारे फक्त गुरुजी, आणि त्यांच्या शब्दाला पोर्टलवर जागा नाही. नोकरीत इतकी वर्षं काढली, तरी हे मला अजून टोचतं.

शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षबाई तेवढ्यात आल्या. कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या बायका. शाळेचा विकास आराखडा त्या करतात, पण शिक्षक ठेवणं त्यांच्या हातात नाही. "मॅडम, तिची आजी कापूस वेचायला गेली. पोरगी घरीच हाय, चला," म्हणाल्या.

घरी गेलो. नऊ वर्षांची पोरगी दीड वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन दारात उभी. आईबाप दसऱ्यानंतर कारखान्यावर गेले, जाताना तिचं आधार कार्डही त्यांच्याच पिशवीत गेलं. भाऊ तापाने किरकिरत होता म्हणून त्याला आजीजवळ ठेवलेलं. अंगणवाडी चार घरं सोडून होती, पण ती महिला व बालविकासची, आणि दिवसभर सांभाळायला घ्यायचं तर एवढं लहान लेकरू तिथेही बसत नाही. मी पुस्तक मागितलं. तिने भावाला दुसऱ्या कडेवर घेतलं, आतून आणलं आणि उभ्यानेच एक पान न अडखळता वाचून दाखवलं.

माझ्या तक्त्यात दोनच रकाने होते, हजर आणि गैरहजर. हजर लिहिणं खोटं होतं. मी गैरहजर लिहिलं आणि शेऱ्यात घातलं, 'घरी भेट दिली, विद्यार्थिनी गावात आहे, नियमित शिकते.' दुपारी तालुक्याला तक्ता दिला. ऑपरेटर मुलगा चांगला आहे, तो अवघडून म्हणाला, "मॅडम, ऑनलाइनला शेऱ्याचा रकानाच नाही."

गटशिक्षणाधिकारी साहेबांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. लिंक उद्या संध्याकाळपर्यंत चालू आहे, परत जाऊन या, एवढंच म्हणाले. त्या एका दिवसासाठी मी आजही त्यांची ऋणी आहे.

गावी परतताना अध्यक्षबाईंना फोन केला. आजीची मजुरी बुडवायची नाही, पण पोरगी शाळेत आली पाहिजे, काय करायचं? त्या म्हणाल्या, "लेकराला घिऊनच येऊ द्या की."

दुसऱ्या दिवशी साडेदहाला मी वर्गात शिरले. ती दुसऱ्या ओळीत बसली होती. शेजारी गुरुजींनी पोत्यावर आपला टॉवेल अंथरला होता, त्यावर भाऊ झोपलेला. ती एका हाताने त्याच्यावरच्या माश्या वारत दुसऱ्या हाताने वजाबाकी करत होती. मी तिची सही घेतली आणि रकान्यात हजर लिहिलं.