साडूंची हायब्रिड आणि केळदचा चढ

आमच्या साडूंनी, म्हणजे मिलिंदरावांनी, नवी गाडी घेतली तेव्हा पेढ्यांबरोबर एक व्याख्यानही दिलं. माइल्ड हायब्रिड, पेट्रोल, चारही चाकांना ताकद, गिअर मात्र हातानेच टाकायचे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे गाडीची अब्रू थोडी जाते, थोडी राहते, आणि साडू हे वाचणार आहेत.

"आता ही डोंगरात न्यायलाच पाहिजे," असं त्यांनी भर पंगतीत जाहीर केलं. मेहुणीने ताटातून मान वर केली नाही. घरात हे बरेच दिवस चालू असणार.

ठरलं केळद. वेल्ह्याच्या पुढे, मढे घाटाच्या डोक्यावरचं गाव. गणपती नुकतेच गेले होते, पाऊस थांबला नव्हता, पण त्याचा जोर ओसरला होता. सोबतीला ऑफिसातला बापू आणि त्याची जिप्सी. ही गाडी १९८५ साली बाजारात आली, तेव्हा बापू शाळेतसुद्धा जात नव्हता. त्याने मिलिटरीच्या लिलावातली घेतली आहे. तिच्यात बसलं की पाठीचा एकेक मणका वेगळा मोजता येतो. म्हणून जाताना मी साडूंच्या गाडीत बसलो. एसी, मऊ सीट, जुनी गाणी. मला त्याची लाज वाटत नाही.

सिंहगड रोडवर ही गाडी शंभर मार्क मिळवते, हे आधीच सांगून टाकतो. विठ्ठलवाडीच्या पुढे गाड्या तुंबल्या, साडूंनी न्यूट्रल करून क्लच सोडला आणि इंजिन गप्प झालं. पुढची रिक्षा हलली, क्लच दाबला, इंजिन परत सुरू. खर्र नाही, हिसका नाही. सकाळी गाडी पहिल्यांदा चालू होते ती जुन्याच स्टार्टरने, पण नंतरची ही उघडझाप इंजिनाच्या पट्ट्यावर बसवलेली मोटर करते. तीच मोटर ब्रेक मारताना जनरेटर होऊन सीटखालच्या छोट्या लिथियम बॅटरीत वीज भरते, आणि गाडी उचलताना इंजिनाला थोडा हात देते. चढावरच्या हातगाडीला मागून कुणी हात लावावा, तितकाच. हातगाडीवाला थांबला तर हा माणूस एकटा गाडी ढकलू शकत नाही. फक्त विजेवर ही गाडी एक फूटही जात नाही, आणि हे साडूंना शोरूममध्ये कुणी नीट सांगितलेलं नव्हतं. सरकारला मात्र ते कधीच कळलं होतं. विजेच्या आणि हायब्रिड गाड्यांना अनुदान देणाऱ्या फेम योजनेतून २०१७ च्या एप्रिलपासून माइल्ड हायब्रिडचं अनुदान काढून घेतलं ते उगीच नाही.

पाबे घाटात गाडी छान चालली. वळणावर वेग पडला तरी तिसऱ्यावरून न कुथता उचलत होती, कारण कमी आरपीएमला, म्हणजे मिनिटाला फेरे कमी असताना, इंजिन जिथे ढेपाळतं तिथेच मोटर जोर लावते. तोरणा ढगात होता. वेल्ह्यात चहा बरा मिळाला.

केळदच्या अलीकडच्या खिंडीत माझं डोकं फिरलं.

रविवार होता. धबधबा बघायला अख्खं पुणे आलेलं. वळणावर गाड्या लावून लोक फोटो काढतायत, कणसाच्या गाड्या, एका डिकीत स्पीकर. समोरून एसटी आली आणि सगळंच अडकलं. आम्ही चढावर, हँडब्रेक ओढून, न्यूट्रलमध्ये. इंजिन अर्थातच बंद. इंजिन बंद म्हणजे एसीचा कॉम्प्रेसर बंद, फक्त पंखा चालू. बाहेर पाऊस, आत चार माणसं आणि ओले बूट. दोन मिनिटांत समोरची काच आतून दुधासारखी पांढरी. मी म्हटलं, मिलिंदराव, ते स्टार्ट-स्टॉपचं बटण दाबून बंद करा. ते म्हणाले, "अहो, अॅव्हरेज पडतं." आता ज्या रस्त्यावर आपण गेली वीस मिनिटं हललोच नाही, तिथे कसलं अॅव्हरेज काढायचं, ते देव जाणे. मेहुणी ओढणीने काच पुसत होती. शेवटी एसटीचा मडगार्ड आमच्या आरशापासून वीतभर अंतरावर आला, साडूंना तो दिसला नाही, कंडक्टरने खाली उतरून बोनेटवर थाप मारली, तेव्हा कुठे बटण दाबलं गेलं. पुढे चहाला थांबून पुन्हा चावी फिरवली, तर स्टार्ट-स्टॉप परत चालू! दर वेळी आठवणीने बंद करायचं. समोरच्या काचेचं डीफॉगर लावलं की त्या गाडीत इंजिन आपोआप बंद होत नाही, असं मॅन्युअलमध्ये लिहिलंय. मॅन्युअल कोथरूडला, कपाटात.

गावात एका आजींकडे जेवण सांगून ठेवलं होतं. ते व्हायला वेळ होता, म्हणून वरच्या पठाराकडे निघालो. वाट पूर्वी बैलगाडीची असावी, आता ट्रॅक्टरची. तांबडा चिखल, मध्ये उंचवटा, दोन्ही बाजूंना पाण्याने कापलेल्या चाकोऱ्या, आणि साधारण निम्म्यावर दगडाची आडवी पायरी, गुडघ्याच्या थोडी खाली.

बापू आधी गेला. त्याने बुटका दांडा ओढून फोर लो टाकला, म्हणजे चारही चाकांना ताकद आणि नेहमीच्या पहिल्यापेक्षाही सावकाश, जोरकस गिअर, आणि जिप्सी माणसाच्या चालीने वर निघाली. पायरीवर पुढचं चाक चढलं, मागचं चढलं, अॅक्सिलरेटरवर पाय असल्यासारखा वाटतही नव्हता. वर जाऊन त्याने हॉर्न वाजवला. एवढा आगाऊपणा गरजेचा नव्हता.

साडूंनी नॉब फिरवून लॉकवर नेला. म्हणजे मागच्या चाकांना ताकद कायम जोडलेली. चिखलाचा पहिला टप्पा गाडीने झक्क पार केला. स्क्रीनवर बॅटरीकडून चाकांकडे जाणारा बाण पेटला होता आणि साडू रस्त्यापेक्षा त्या बाणाकडे जास्त बघत होते. "बघा, मोटर ढकलतेय!" ढकलत होतीच. पण पायरी आली आणि खरी अडचण समोर आली. पायरीवरून चाक हळू चढवायचं, तर पहिला गिअर तेवढा हळू नाही. या गाडीला फोर लो नाहीच. मग एक तर वेगात आपटायचं, म्हणजे खालून घासणार, नाही तर हाफ क्लचवर खेळवायचं. साडूंनी हाफ क्लच धरला. इंजिन ओरडतंय, चाक दगडावर अर्धं चढतं, परत खाली येतं. पुन्हा तेच. आणि मग तो बाण विझला.

छोटी बॅटरी, वर सतत रांगत जाणारी गाडी, ब्रेकच नाही तर वीज भरणार कुठून? त्यात उरलेली वीज पुन्हा इंजिन सुरू करण्यासाठी राखून ठेवायची, असा त्या यंत्रणेचा हिशेब. म्हणजे जिथे मदत सगळ्यात जास्त हवी, तिथेच मदतनीस जेवायला गेलेला. मला त्या क्षणी हसू आलं होतं, पण साडूंच्या कानशिलाकडे बघून मी ते गिळलं.

बांधावर गुरं राखणारा एक मुलगा छत्री धरून बसला होता. तो शांतपणे म्हणाला, "काका, वास येतोय."

क्लचचा. इतका की काच खाली करावी लागली. मी उतरून मागच्या चाकाला दगड लावला. इंजिन एकदा बंद पडलं होतं, पण क्लच दाबताच चालू झालं. चढावर, चिखलात, घाबरलेल्या माणसाला चावी फिरवावी लागत नाही, ही लहान गोष्ट नाही. जिप्सीत अशा वेळी स्टार्टर कण्हतो आणि सगळ्यांना देव आठवतो.

बापू खाली आला. काही बोलला नाही, त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. क्लच थंड होईपर्यंत सगळ्यांनी पावसात उभं राहायचं, असं ठरलं. तोवर त्याने चारही टायरची हवा बरीच कमी केली, पायरीपाशी दोन चपटे दगड रचले आणि साडूंना म्हणाला, "सर, तिरकी घ्या. एका वेळी एकच चाक चढू दे. आणि त्या टीव्हीकडे बघू नका." गाडी चढली. क्लचही फारसा खेळवावा लागला नाही. त्या गुराख्याने टाळी वाजवली, साडूंनी त्याला काच खाली करून पेढा दिला. पेढे अजून उरले होते!

पठारावर सोनकी फुलली होती. पिवळंधमक. फोटो सगळ्यांकडे असतातच.

जेवण मात्र लिहिलंच पाहिजे. तांदळाची भाकरी, पिठलं, लसणाचा ठेचा, इंद्रायणीचा भात. आजी दर वेळी "अजून एक घ्या की" म्हणत आणि उत्तराची वाट न बघता वाढत. मुळशीकडच्या रिसॉर्टवाल्यांनी इथे येऊन शिकावं. त्यांच्याकडे भाकरी मोजून मिळते आणि वर जीएसटी.

पोट भरल्यावर साडू परत फॉर्मात आले. मोबाइल काढून म्हणाले, "टोयोटाने हायलक्सला हेच बसवलंय, आणि आपल्याकडे २०२५ मध्ये फॉर्च्युनरलाही. ते लोक खुळे आहेत का?" खुळे नाहीतच. तिथे ४८ व्होल्टची यंत्रणा आहे, बॅटरी मागच्या सीटखाली, आणि हायलक्सच्या बाबतीत कंपनी सांगते की पाण्यात जाण्याची खोली आधीइतकीच, ७०० मिलिमीटर. मला त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट वेगळीच वाटली. मोटर इंजिनाला सांभाळून घेते, म्हणून नुसतं चालू ठेवल्यावरचे आरपीएम ७२० वरून ६०० वर आणता आले. म्हणजे दगडांतून गाडी अजून सावकाश जाते. इथे हायब्रिडने खरोखर आडवाटेवर काहीतरी दिलं.

बापूने ताक संपवलं. "सर, पण त्यात फोर लो आहे की. मोटर त्याच्या जागी नाही आली, त्याच्यावर आली."

साडूंनी मोबाइल खिशात ठेवला. मला वाटतं, सगळ्या दिवसाचा वाद तिथे संपायला हरकत नव्हती. पण मेहुणीने विचारलं, "मग आपण जास्तीचे पैसे कशाचे दिले?" आणि तो पुण्यापर्यंत पुरला.

जेवायला पठारावरून उतरताना मी जिप्सीत बसलो होतो, पाठीची किंमत देऊन. मागून साडूंची गाडी पहिल्या गिअरवर येत होती आणि ते फोनवर ओरडून सांगत होते की बाण आता उलटा झालाय, बॅटरी भरतेय. आजींच्या घरापर्यंत ती भरली. चढ संपल्यावर. खाली आल्यावर हवा भरायला वेल्ह्यापर्यंत रांगत जावं लागलं. पंप सोबत घेतल्याशिवाय टायरची हवा सोडणारे बापूसारखे लोक असतात, त्यांच्याबरोबर जाऊ नका. पण जाल, कारण चढ तेच पार करून देतात.

नसरापूरमार्गे परतताना गाडीच्या पुढून कुईं असा बारीक आवाज येऊ लागला. साडूंना वाटलं, हायब्रिड गेली. दुसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे नेली. त्याने खालचं कव्हर काढलं, आत केळदची अर्धी माती. पट्ट्यावर आणि पुलीवर चिखल वाळलेला. धुतल्यावर आवाज गेला.

मी विचारलं, ही मोटर टिकेल का? तो म्हणाला, "डायनॅमोच आहे हो. आधी इंजिन डायनॅमोला फिरवायचं, आता वेळ पडली की डायनॅमो इंजिनाला ओढतो. मोटरला काही होत नाही. पट्टा आणि टेन्शनर बघत जा." टेन्शनर म्हणजे पट्टा ताणून धरणारा भाग. साध्या गाडीत पट्ट्याची एकच बाजू ताणलेली असते. इथे इंजिन ओढतं तेव्हा एक बाजू, मोटर ओढते तेव्हा दुसरी, म्हणून टेन्शनर दोन्हीकडून काम करणारा लागतो. चिखल आत गेला की आधी तोच कुरकुरणार. लिथियम बॅटरीला त्याने हातही लावला नाही. साधी बारा व्होल्टची बॅटरी मात्र मीटर लावून तपासली, कारण ती पडली तर गाडी सकाळी चालूच व्हायची नाही, हायब्रिड असो की बैलगाडी.

"आणि क्लच?" साडूंनी हळूच विचारलं.

मिस्त्रीने पेडल दोनदा दाबून बघितलं. "अजून आहे. पण कुणाची तरी गाडी चढवायला गेला होतात का?"

"आमचीच," मेहुणी म्हणाली.