माथ्याच्या ४०० फूट खालून: लाँग्ज पीकच्या कीहोल वाटेचा वृत्तांत

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघे कोलोरॅडोमधील रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानातल्या लाँग्ज पीकवर गेलो आणि माथा सुमारे ४०० फूट उरला असताना, ट्रफ नावाच्या घळीच्या वरच्या तोंडावरून परत फिरलो. ज्या वादळाच्या धास्तीने आम्ही परतलो ते वादळ त्या दिवशी आलेच नाही. आमच्या पुढे गेलेली माणसे माथ्यावर पोहोचली आणि सुखरूप खालीही आली. त्यामुळे हा वृत्तांत यशाचा नाही आणि थोडक्यात बचावल्याचाही नाही. परतण्याचा निर्णय कसा झाला आणि त्या वाटेवर जाणाऱ्यांनी कोणत्या गोष्टी आधीच ठरवून घ्याव्यात, एवढेच मला सांगायचे आहे.

लाँग्ज पीकची उंची १४,२५९ फूट, म्हणजे ४,३४६ मीटर आहे. वाट जिथून सुरू होते ती जागाच ९,४०५ फुटांवर आहे. जाऊन-येऊन सुमारे २४ किलोमीटर चाल आणि जवळजवळ ५,००० फुटांची चढाई असल्याने १० ते १५ तास लागतात. हे आकडे वाचून दमछाकीचा अंदाज येतो, धोक्याचा येत नाही. पहिले १० किलोमीटर ही लांबलचक पण साधी पायवाट आहे. खरी वाट कीहोल नावाच्या खिंडीतून पलीकडे पाऊल टाकल्यावर सुरू होते. तिथून माथ्यापर्यंतचे अंतर जेमतेम २ किलोमीटर भरेल, पण त्याला पदभ्रमण म्हणणे चूक आहे. उद्यानाचे रेंजरही ही चाल नसून चढाई आहे आणि इथून पडल्यास बहुधा जीव जातो, असे स्पष्ट शब्दांत बजावतात.

मी ही वाट सहा वर्षांपूर्वी एकदा केली होती. त्या वेळी माथ्यावर पोहोचायला दुपारचे पावणेएक वाजले होते, आकाश निरभ्र होते आणि उतरताना पावसाचा थेंबही पडला नाही. पुढे कित्येक महिने मी त्या दिवसाचे वर्णन ‘आमचे नियोजन उत्तम होते’ असे करत असे. प्रत्यक्षात ऑगस्टमध्ये पावणेएकला त्या माथ्यावर असणे हा निव्वळ गाफीलपणा होता आणि तो खपून गेला, इतकेच. या खेपेस जाण्यापूर्वी मला सर्वांत जास्त भीती वाटत होती ती त्या आठवणीचीच.

म्हणून निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही वेळांचे तीन आकडे कागदावर लिहून काढले: कीहोल सकाळी ८ पर्यंत, ट्रफचा माथा साडेनऊपर्यंत, शिखर ११ पर्यंत. यांपैकी कोणतीही वेळ चुकली तर त्याच जागेवरून परतायचे आणि तिघांपैकी एकाने ‘परत’ म्हटले तर बाकीच्या दोघांनी कारण विचारायचे नाही, असेही ठरवले. ही दुसरी अट लिहिताना थोडी नाटकी वाटली होती. बरोबर माझी जुनी गिर्यारोहक मैत्रीण आणि तिचा धाकटा भाऊ होता. तो तब्येतीने उत्तम, पण इतक्या उंचीवर पहिल्यांदाच येत होता. तब्येत चांगली असणे आणि उंची मानवणे यांचा परस्परांशी फारसा संबंध नसतो. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच असतो, आणि मॅरेथॉन धावणाऱ्यालाही तिथे डोकेदुखी, मळमळ आणि पायांतला बेतालपणा गाठू शकतो. आम्ही आदल्या दोन रात्री उंचावर मुक्काम केला होता. शक्य असेल त्यांनी तीन-चार कराव्यात.

पहाटे तीनला निघालो. पहिले दोन तास विजेरीच्या उजेडात झाडीतून चढण्यात जातात आणि सुमारे ११,००० फुटांवर झाडे संपतात. ही जागा नीट लक्षात ठेवावी, कारण वीज पडण्याच्या धोक्याचा सगळा हिशेब तिथपासून सुरू होतो. त्यापुढे कॅझम जंक्शन, ग्रॅनाइट पास आणि मग बोल्डरफील्ड, म्हणजे मोटारीएवढ्या धोंड्यांचे अफाट पसरलेले मैदान. तिथे आमची पंधरा-वीस मिनिटे वाया गेली, कारण दगडांवरून उड्या मारत आम्ही सोयीची वाट सोडून फार डावीकडे सरकलो. उजाडल्यावर त्या मैदानात थांबून, कीहोलची भोकासारखी आकृती नजरेत धरून आपली रेषा आधी आखावी आणि मगच पाय टाकावा.

कीहोलपाशी पावणेआठला पोहोचलो. तिथे मधमाश्यांच्या पोळ्यासारखा एक छोटा दगडी निवारा होता. तो ॲग्नेस व्हेल हिच्या स्मरणार्थ बांधलेला होता. जानेवारी १९२५ मध्ये तिने वॉल्टर कीनर याच्यासोबत पूर्वेकडील कड्यावरून हिवाळ्यातली पहिली चढाई पूर्ण केली. माथा तिने गाठला होता, पण उतरताना ती घसरली आणि थंडीने व थकव्याने तिचा अंत झाला. तिला वाचवण्यासाठी निघालेल्या पथकातला हर्बर्ट सॉर्टलँडही त्या वादळात मरण पावला. आपल्या जिवावर आपण उदार झालो असे म्हणणाऱ्याने त्या दुसऱ्या नावाचाही विचार करावा, कारण आपल्या चुकीचा हिशेब चुकता करायला दुसरेच कोणी रात्री बाहेर पडते. जाता जाता एवढे सांगते की, असा निवारा वाऱ्यापासून थोडा आडोसा देतो. विजेपासून तो संरक्षण देत नाही.

कीहोलमधून पलीकडे डोकावल्यावर दोन गोष्टी एकदम अंगावर येतात. पहिली म्हणजे वारा, जो त्या फटीतून अक्षरशः ढकलतो. दुसरी म्हणजे पश्चिमेचे आकाश. या भागातले हवामान बहुधा पश्चिमेकडून येते आणि तोवरची सगळी चाल पर्वताच्या पूर्व बाजूने असते. म्हणजे सकाळचे पाच तास आपण ज्या आकाशाकडे पाहून खूश होत असतो, ते चुकीच्या बाजूचे आकाश असते. म्हणून कीहोलपाशी पाच मिनिटे बसून केवळ पश्चिमेकडे पाहावे. आम्हाला क्षितिजावर पांढऱ्या ढगांची एक बारीक ओळ दिसली. तळ सपाट, माथे अजून बुटके. पुढे जायला हरकत नव्हती.

पुढचा टप्पा लेजेस, म्हणजे कड्यातल्या अरुंद कातळी पट्ट्यांवरून आडवी जाणारी वाट. पिवळ्या-तांबड्या रंगाचे गोल ठिपके वाट दाखवतात आणि त्यांचा मार्ग सोडायचा नाही, हा इथला पहिला नियम आहे. परतताना विशेष जपावे: त्याच धारेवर थोडे दक्षिणेला खऱ्या कीहोलसारखीच दिसणारी दुसरी फट आहे आणि दमलेली माणसे तिकडे वळतात. जाताना मागे वळून खऱ्या कीहोलचा एक फोटो काढून ठेवणे हा सोपा उपाय आहे.

मग ट्रफ, जवळजवळ ६०० फूट चढणारी, घसाऱ्याने भरलेली घळ. धोका मोजताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात: चूक किंवा अपघात होण्याचा संभव किती, आणि तसे झालेच तर परिणाम काय. मन या दोहोंची सरमिसळ करते. ट्रफच्या पुढचा नॅरोज हा अरुंद कातळी पट्टा पाहून छातीत धडकी भरते, खाली पाहून वाटणारी भीती प्रचंड आहे. पण कोरड्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा चांगली असते, माणसे सावध असतात आणि घसरण्याचा संभव थोडा असतो. परिणाम मात्र एकच. ट्रफमध्ये उलट आहे. तिथे भीती वाटत नाही, केवळ दम लागतो, माणसे पाय ओढत चालतात, आणि वरच्याच्या बुटाखालून सुटलेला नारळाएवढा धोंडा खाली येईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. ज्या धोक्याने पोटात गोळा येतो त्याची काळजी आपण आपोआप घेतो. हेल्मेट बहुतेकांना नॅरोजपाशी आठवते. ते ट्रफच्या तळाशी, खरे तर कीहोलपाशीच डोक्यावर चढवावे. वर माणसांचा घोळका असेल तर घळीच्या मधोमध न थांबता कडेच्या कातळाच्या आडोशाला थांबावे, एकाखाली एक चढताना दोघांत मोठे अंतर पडू देऊ नये आणि आपल्याकडून दगड सुटलाच तर संकोच न करता ओरडावे.

आम्ही असेच दोनदा थांबलो आणि तिथेच वेळ गेला. घळीच्या वरच्या तोंडाशी एक अडकलेला मोठा धोंडा आहे. तो ओलांडणे हा माझ्या मते सबंध वाटेवरचा सर्वांत अवघड कातळटप्पा आहे. तो पार करून आम्ही वर आलो तेव्हा नऊ वाजून पन्नास मिनिटे झाली होती. ठरलेल्या वेळेला वीस मिनिटे उलटून गेली होती. पश्चिमेचे ढग आता उभे वाढू लागले होते, आणि मैत्रिणीच्या भावाने शेवटच्या टप्प्यात दोनदा पाऊल चुकवले होते. विचारल्यावर त्याने डोके दुखत असल्याचे मान्य केले; ते लेजेसपासून दुखत होते.

त्या जागी जे बोलणे झाले ते जसेच्या तसे सांगण्यासारखे आहे. तो म्हणाला, “ताई, इथून तासाभराचंच तर काम आहे. एवढी माणसं चाललीच आहेत ना?” त्याच्या पहिल्या वाक्यात अंतर बरोबर होते, पण दिशा चुकीची होती. माथा तासाभरावर होता. सुरक्षित जागा मात्र तासाभरावर नव्हती. ट्रफच्या माथ्यावरून झाडीपर्यंत उतरायला आमच्यासारख्यांना चार तास लागणार होते, माथा करून आलो तर सहा. त्यामुळे ‘आत्ता गडगडतं आहे का’ हा प्रश्नच निरुपयोगी होता; ‘पुढच्या सहा तासांत गडगडेल का’ हा प्रश्न होता. उन्हाने तापलेल्या उतारांवरून दमट हवा वर चढते आणि दुपारी तिचे वादळ होते, हा तिथल्या जुलै-ऑगस्टचा नित्यक्रम आहे. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. वीज आणि गडगडाट यांत तीस सेकंदांहून कमी अंतर असेल तर तुम्ही आधीच विजेच्या टप्प्यात आहात. मोकळ्या कातळावर असे मोजण्याची पाळी येणे म्हणजे निर्णयाची वेळ टळून गेलेली असणे. आणि वीज नाही, नुसती सर आली तरी होमस्ट्रेच या माथ्याआधीच्या शेवटच्या कातळी चढावरचा, असंख्य बुटांनी गुळगुळीत झालेला ग्रॅनाइट ओला होतो, आणि सकाळी सोपी असलेली वाट दुपारी निराळीच असते.

दुसऱ्या वाक्याचे, म्हणजे पुढे चाललेल्या माणसांचे, उत्तर मला तिथे सुचले नाही. हिमस्खलनांच्या अपघातांचा अभ्यास करणाऱ्या इयान मॅकॅमन यांनी जाणत्या लोकांनाही फसवणारे काही सापळे मांडले आहेत: ओळखीची वाट, एकदा ठरवलेले तडीस नेण्याची ओढ, पुन्हा संधी मिळणार नाही ही भावना, आणि इतर माणसे जात आहेत हा दिलासा. त्या धोंड्यावर उभी असताना यांतले चारही माझ्यापाशी होते. पुढे चाललेल्यांची वेळ, दम, डोकेदुखी आणि अनुभव यांपैकी काहीच मला माहीत नव्हते. त्यांची पाठ तेवढी दिसत होती.

मैत्रीण म्हणाली, “परत.” ठरल्याप्रमाणे कोणी कारण विचारले नाही. मी मनातल्या मनात मात्र विचारले, हे कबूल करते.

उतरण्यात कसलीही मर्दुमकी नव्हती, पण काळजी चढण्याइतकीच लागली. दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन नेहमी कातळावर, काठ्या सॅकला बांधलेल्या, आणि डोके दुखणारा माणूस मधे. आम्ही दोर नेला नव्हता. अनेक जण ‘सुरक्षेसाठी’ तिघांना एका दोराला बांधतात. कातळात आधार ठोकता किंवा अडकवता येत नसेल तर त्या दोराने एकाचे पडणे तिघांचे होते. दोर वापरायचा तर तो वापरता येणारे कोणी बरोबर असले पाहिजे. कीहोलपर्यंत आम्हाला पावणेदोन तास लागले, आणि तिथून खाली जाताना उंची कमी होत गेली तसा मैत्रिणीच्या भावाच्या चेहऱ्यावर रंग परतला. औषधापेक्षा उतरणे हाच खरा उपाय असल्याचे त्या दिवशी समोर दिसले.

झाडीत शिरलो तेव्हा दोन वाजले होते. मागे वळून पाहिले तर ते वाढलेले ढग उत्तरेकडे सरकून विरले होते आणि माथा उन्हात लख्ख दिसत होता. वाटेत भेटलेल्या एका जोडप्याने माथ्यावरून कसे दिसते ते उत्साहाने सांगितले. वाईट वाटले. आता महिनाभराने विचार करताना मला वाटते की, वादळ आले असते तर आम्ही शहाणे ठरलो असतो आणि आले नाही म्हणून भित्रे ठरलो, असे मोजणे म्हणजे सहा वर्षांपूर्वीचीच चूक उलट बाजूने करणे आहे. नऊ पन्नासला आमच्या हातात जेवढी माहिती होती, तेवढ्यावर तो निर्णय तपासायला हवा. त्या कसोटीला आमचा निर्णय उतरतो. मात्र डोकेदुखी लपवण्याइतपत वातावरण आम्ही होऊ दिले, हे उतरत नाही. दर तासाला एकमेकांना थेट विचारायला हवे होते, आणि ‘ठीक’ हे उत्तर मानायला नको होते.

जाणाऱ्यांसाठी उरलेले थोडेसे. कीहोल वाटेवरचे बर्फ साधारणपणे जुलैच्या मध्यानंतर हटते आणि सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत वाट कोरडी मिळू शकते. पण भर उन्हाळ्यातही नॅरोजवर पहाटे बर्फाचा काचेसारखा पातळ थर असू शकतो, म्हणून आदल्या दिवशी रेंजर केंद्राकडून वाटेची स्थिती विचारून घ्यावी. मोबाइलवर विसंबू नये. उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र असल्यास न्यावे, मात्र मदत पोहोचायला कित्येक तास लागतील असे धरूनच उबदार कपडे सोबत ठेवावेत. परतीच्या वेळा गाडीत मागे राहणाऱ्या कोणाला तरी लिहून द्याव्यात. बोल्डरफील्डमध्ये परवाना काढून मुक्काम करता येतो, त्यामुळे सकाळचा हिशेब बराच सैल होतो, पण १२,७५० फुटांवर झोप लागेलच असे नाही.

आम्ही पुढच्या वर्षी पुन्हा जाणार आहोत. वेळांचा कागद तोच आहे. निघण्याची वेळ तेवढी खोडून पहाटे दोन केली आहे.