न घातलेले बूट

चवथीच्या आधी कपाटे रिकामी करून पुसायची, हा आमच्या घरचा नेम आहे. यंदा त्या धांदलीत एका दुपारी धाकट्या भावाचे बूट निघाले. लग्नात मिरवून झाल्यावर ते खोक्यात गेले होते, ते तिथेच राहिले. वरचे चामडे बुरशीने पांढुरके झाले असले तरी शाबूत होते. सोल मात्र बोट लावताच शिळ्या नानकटाईसारखा भुगा होऊन लादीवर पडला. पॉलियुरेथेन या हलक्या प्लास्टिकचे सोल हवेतल्या ओलाव्याने आतून कुजत जातात, मग बूट कोणी घालो वा न घालो. गोव्यात तर वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच कोसळतो. अशा हवेत बंद खोके म्हणजे बुटांची कोठडीच.

म्हणूनच दुकानात गेल्यावर मी बूट आधी उलटा करतो. विक्रेता चकाकीबद्दल बोलत असतो आणि मी सोलाची कड नखाने चाचपत असतो. चामडे आणि सोल यांच्यामध्ये वेल्टची अरुंद पट्टी शिवलेली असेल, तर झिजलेला सोल काढून नवा बसवता येतो. नुसते चिकटवलेले असेल तर पुढचे सारे नशिबावर. मग पुढचा भाग दुमडून पाहावा. अस्सल चामड्यावर बारीक सुरकुत्या उमटतात, वरून जाड रंगाचा थर दिलेल्यावर प्लास्टिकसारखी एकच घडी पडते. खरेदी संध्याकाळीच करावी, कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. माझ्या या तपासणीला कंटाळून घरचे लोक हल्ली माझ्याबरोबर बूट घ्यायला येत नाहीत, हे एका अर्थी बरेच झाले.

हे वेड बाबांकडून आले. ते डिचोलीकडच्या खाणीवर कामाला होते. पावसाळ्यात संध्याकाळी घरी येत तेव्हा पोलादी टोकाचे ते जड बूट घोट्यापर्यंत तांबड्या चिखलाने माखलेले असत. ओसरीवर बसून ते नारळाच्या सोडणाने चिखल खरवडत, ओल्या फडक्याने पुसत आणि आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबत. निजण्यापूर्वी ओले बोळे काढून कोरडे घालत. आजी दर वेळी म्हणायची, "अरे, चुलीपाशी ठेव, सकाळपर्यंत खडखडीत होतील." बाबा ऐकत नसत, कारण आचेने चामडे कडक होते आणि मग तडकते. खोबरेल तेलावरूनही त्या दोघांचे जमले नाही. आजीच्या मते खोबरेल कशालाही चालत असे. बाबा मात्र मेणाचे पॉलिशच, तेही बोटाने, अगदी पातळ लावत. सकाळी बूट उलटे करून पायरीवर आपटले जात, तेव्हा आम्ही मुले आतून काय पडते ते पाहायला धावत असू. बहुधा बेडूक पडे. एकदा विंचू पडला आणि त्यानंतर आजीनेही त्या आपटण्याला नावे ठेवणे सोडले.

2012 मध्ये खाणी थांबल्या. बाबांनी बूट कपाटात ठेवले नाहीत. माडांना पाणी सोडायला ते तेच पोलादी टोकाचे बूट घालून कुळागरात जात, आणि संध्याकाळी पुन्हा सोडण, फडके, वर्तमानपत्र. खाण सुरू झाली की बोलावतील, असे ते त्या वर्षी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. बोलावणे आले नाही.