हरभरा काढायला आला की गारा हजर!

२०१४ ची गारपीट मराठवाड्यात कुणी विसरलं नाही, फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत नुसता धुमाकूळ. लोक विचारतात एवढ्या उन्हात बर्फ कसा काय पडतो? अहो उन्हामुळंच तर! जमीन तापली की गरम दमट हवा जोरात वर जाते, वर एकदम थंडगार, ढग दहा-बारा किलोमीटर चढतो आणि शून्याच्या खाली जाऊनही न गोठलेले थेंब बर्फाच्या कणाला चिकटत थरावर थर चढत जातात, वजन पेलेना झालं की धाडकन खाली. मोठी गार फोडून बघा, आत कांद्यासारखे पापुद्रे दिसतात.

पण टायमिंग बघा ना, हरभरा काढायला आलेला, ज्वारी आडवी, जालन्याकडं मोसंबीच्या बारक्या फळांचा झाडाखाली सडा. जी फळं वाचली त्यांच्या सालीला मार, व्यापारी भाव पाडूनच मागणार, फांद्या सोलल्या तर पुढच्या बहाराचेही वांदे.

हरभरा-ज्वारीचा विमा असला तरी २०२४-२५ पर्यंत नुकसान ७२ तासांत कळवावं लागायचं, आणि इथं लाईट नाही, मोबाईल डिस्चार्ज! सरकारी मदतीला नुकसान किमान ३३ टक्के लागतं, म्हणजे ३० टक्के गेलं तर बसा बोंबलत. आणि मजुरांना तर कुणी धरतच नाही, काढणीच नाही तर रोज कुठला?