जॉली, ग्लॅड, चीअरफुल: सगळं एकच ना?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ठाण्याच्या नौपाड्यातल्या आपल्या इंग्रजीच्या क्लासच्या जिन्यात विचारता, तलावपाळीला फेरी मारताना विचारता, ऐरोलीला निघालेल्या ट्रान्स-हार्बर लोकलच्या डब्यात एका हाताने कडी धरूनही विचारता: "मॅडम, हॅपी, ग्लॅड, चीअरफुल, जॉली, सगळ्यांचा अर्थ आनंदीच ना? मग एवढे शब्द कशाला?"

नाही. एकच नाही. मराठीत तरी आहे का? हसतमुख माणसाला तुम्ही काउंटरवर बसवाल, खुशालचेंडूला बसवाल का? आणि 'सगळा आनंदीआनंद आहे' म्हटलं तर अभिनंदन करायला कोण येतं?

बायोडेटात 'जॉली नेचर' लिहायची आपल्याकडे साथच आहे. तुम्हाला म्हणायचं असतं मनमोकळा, चारचौघांत मिसळणारा. वाचणाऱ्या इंग्रजाला दिसतो गुबगुबीत गालांचा, ढेरी हलवत हसणारा नाताळबाबा. अकाउंट्सच्या जागेला तो कशाला हवाय? चीअरफुल लिहा, तेही एकदाच. चीअर म्हणजे मुळात चेहरा, जुन्या फ्रेंचमधून आलेला शब्द. म्हणजे आपल्या 'हसतमुख'चं सख्खं भावंड. आत काय शिजतंय याची हमी तो देत नाही. चीअरी तर आणखी वरवरचं: आवाज चीअरी असतो, लांबून हात हलवणं चीअरी असतं, तेवढ्यापुरतं.

जोव्हियलमधला जोव्ह म्हणजे ज्युपिटर, आपला गुरू. गुरूच्या प्रभावाखाली जन्मलेला तो जोव्हियल, अशी तिकडची जुनी समजूत. पंगतीत आग्रह करकरून वाढणारे काका जोव्हियल. बावीस वर्षांच्या मुलीला तो शब्द चिकटवू नका. मेरी नाताळाला ठेवा. ब्रिटिश माणूस एखाद्याला 'मेरी झालाय' म्हणतो तेव्हा त्याला थोडी चढलेली असते. ग्लीमध्ये दुसऱ्याची फजिती बघून होणारा आनंदही बसतो. गे जुन्या पुस्तकांत आनंदी असतो, आज त्याचा अर्थ समलिंगी. जुन्या अर्थाने वापरायला जाऊ नका. ग्लॅडला कारण लागतं: आलात म्हणून ग्लॅड, पास झालात म्हणून ग्लॅड. हॅपी मॅन म्हणतात, ग्लॅड मॅन सहसा म्हणत नाहीत.

राहिला हॅपी. सगळ्यांत सोपा म्हणून तुम्ही तो विचारतच नाही, आणि घात त्यानेच केला.

ऐरोलीत एका परदेशी कंपनीच्या ग्राहकांना चॅटवर उत्तरं देणारी आपल्याच बॅचची मुलगी. ग्राहकाने लिहिलं: वडील गेल्या आठवड्यात वारले, त्यांच्या नावचं कनेक्शन बंद करा. हिने लिहिलं, 'आय वुड बी हॅपी टू क्लोज युअर फादर्स अकाउंट.' व्याकरणात चोख. तासाभरात तक्रार आली.

माझ्या जुन्या नोट्समध्ये ठळक अक्षरांत आहे: हॅपीपुढे टू आला की आनंद संपला, उरली नुसती तयारी, बिनधास्त वापरा. ते खोटं नाही. 'हॅपी टू वेट' म्हणणाऱ्याला थांबण्यात काही सुख नसतं, त्याची हरकत नसते एवढंच. पण हा विरलेला अर्थ रोजच्या कामापुरता टिकतो. रिफंड, पत्ताबदल, पासवर्ड, तिथे तो कुणाच्या लक्षातही येत नाही. शेजारी मरण आलं की मूळ अर्थ उठून बसतो. त्यात वाक्याची रचना अशी की बंद करण्याच्या आधी डोळा हॅपीवर आदळतो. मराठीत करून बघा: 'वडिलांचं खातं खुशाल बंद करू.' खुशालचाही अर्थ इथे 'बिनदिक्कत' एवढाच आहे. सांगाल का कुणाला असं?

मग ती नोट खोडायची? मला अजून ठरवता आलेलं नाही. खोडली तर तुम्ही साध्या रिफंडलाही 'आय ॲम विलिंग' लिहाल, ते आणखी कोरडं. उपकार केल्यासारखं वाटतं. ग्लॅड घातलात तर आगीतून फुफाट्यात. शब्दाचा दोष म्हणावा, तर त्याच दिवशी तेच 'हॅपी टू' तिने इतर चॅटमध्येही वापरलं होतं आणि कुणी ब्र काढला नव्हता. आणि 'संदर्भ बघून वापरा' असं नोटेत लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. एका चॅटवर तीन खिडक्या उघड्या असताना संदर्भ बघायला वेळ कुणाला असतो, हे मला ठाण्यात बसून सांगायला काय जातंय!

पुढे तसाच मेसेज पुन्हा आला. या वेळी तिने दोनच वाक्यं लिहिली: 'आय ॲम सॉरी अबाउट युअर मदर. आय विल क्लोज द अकाउंट टुडे.' ग्राहकाने थँक यू लिहिलं. चॅट तपासणाऱ्या क्वालिटीवाल्यांनी मार्क कापले. शेरा होता, 'हॅपी टू हेल्प' राहिलं.